जिलेटिनचा हिशेब

गेल्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, पारण्याच्या वेळी, शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारले, "भाभीजी, ऐकलं ते खरं का? तुमच्या त्या कॅमेऱ्याच्या रोलमध्ये म्हणे जनावराची हाडं असतात."

आदल्याच संध्याकाळी आम्ही एकमेकींना मिच्छामि दुक्कडम् केले होते. त्याला पुरा एक दिवसही झाला नव्हता. पण प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून मी सरळ उत्तर दिले. म्हटले, "हो, खरं आहे. हाडांपासून नि कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असतं."

मी नाही म्हणेन, निदान आश्चर्य तरी दाखवेन, असे त्यांना वाटले असावे. त्या म्हणाल्या, "मग तरी तुम्ही..." आणि थांबल्या. ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. पुढचे आठ दिवस समाजातल्या बाकीच्या बायांनी ते आपापल्या परीने पुरे केले. हा लेख त्या अर्ध्या वाक्याला माझे उत्तर आहे.

आधी वस्तुस्थिती सांगते, कारण ती लपवून वाद घालण्यात अर्थ नाही. फिल्म म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा अगदी पातळ थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. जिथे प्रकाश पडतो तिथले कण डेव्हलपरमध्ये काळी चांदी होतात, उरलेले हायपोमध्ये विरघळून जातात. जिलेटिनचा गुण असा की पाण्यात ते फुगते, रसायनाला आत येऊ देते, आणि वाळल्यावर आक्रसून चांदीला जागच्या जागी धरून ठेवते. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने त्याचा उपयोग सुचवला. त्याच्या आधी काच कलोडियनने माखत, ते कापसापासून बनलेले. पण ती काच ओली असेपर्यंतच फोटो काढून धुवावा लागे, आणि त्यातल्या ईथरच्या वासाने मॅडॉक्सची तब्येत बिघडली, म्हणून तो दुसरे काही शोधत होता. शिवाय त्या काळात छापायचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेला असे. म्हणजे आपल्या दृष्टीने पाहिले तर काच शुद्ध होती तेव्हा कागद अशुद्ध होता, आणि पुढे दोन्ही जिलेटिनचे झाले. कोडॅकच्या शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने तर १९२५ च्या सुमारास असे शोधून काढले की काही जिलेटिनची फिल्म जास्त तेज निघते, त्याचे कारण मोहरीच्या जातीच्या झाडांतून आलेली गंधकाची द्रव्ये. गाईने काय खाल्ले होते इथपर्यंत तो धागा जाऊन पोचतो. आणि हे सगळे परदेशातच चालते असे समजू नका. आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरला, हाडांपासून जिलेटिन करणारा कारखाना कित्येक दशकांपासून आहे.

तर मला हे ठाऊक आहे. त्या बाईंना ठाऊक होण्याच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे.

आता हा नाद लागला कसा ते. माझे माहेर खानदेशातले. वडिलांकडे आग्फाचा क्लिक-थ्री होता, बडोद्याला बनलेला, काळा, डब्यासारखा. एका रोलमध्ये बारा फोटो. बी. ए. ला असताना त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बारा आहेत, बघून खर्च कर." लग्न होऊन कुक्षीला आले तेव्हा तो ट्रंकेत साड्यांखाली होता. कुक्षी जुन्या धार संस्थानातली, राज्य पवारांचे, त्यामुळे मराठी इथे अगदी परकी नाही. पण बाजारात निमाडी, घरात मालवी-हिंदी, आणि माझी मराठी वहीत. कॅमेराही तसाच ट्रंकेत राहिला. मुले मोठी झाली, सासूबाईंचे सगळे करून झाले, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षांची असताना तो बाहेर काढला. पुढे मुलाने एक जुना पेंटॅक्सही आणून दिला. जवळच्या एका गावातला फोटो स्टुडिओ डिजिटलच्या धक्क्याने बंद झाला होता, त्याचा एन्लार्जर, तीन ट्रे आणि लाल दिवा आम्ही भंगाराच्या भावात घेतला. जिन्याखालची धान्याची कोठी माझी डार्करूम झाली. आमचे हे म्हणतात, "आधी तिथे गहू ठेवायचो, आता हिला ठेवतो."

मी फिरते ते उन्हाळ्यात. चातुर्मासात मी दिशांचा नियम घेते, गावाबाहेर जात नाही. हिवाळा लग्नांत जातो. उरतो फाल्गुन ते ज्येष्ठ. लोक म्हणतात, एवढ्या उन्हात? पण त्या दिवसांत आमच्याकडची पहाट बघितली आहे का कोणी? मोहाची फुले गळायच्या दिवसांत भिलाल्यांच्या बाया उजाडायच्या आत झाडाखाली टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. जमीन फुलांनी पिवळट झालेली, पाने झडलेली, आणि उजेड असा मऊ की सावलीलाही कड नसते. साडेपाच ते आठ एवढेच काम. दहाच्या आत घरी, कारण स्वयंपाक चुकत नाही. भर दुपारी कधी सापडलेच तर हिशेब सोपा असतो: छिद्र सोळावर, आणि फिल्मचा जो वेग तोच शटरचा. वैशाखातल्या कुक्षीच्या उन्हात हा नियम मला कधी फसलेला नाही.

कुठे जाते? तालनपूरच्या तीर्थाला. नर्मदेच्या काठी. बडवानीकडे बावनगजाला, जिथे डोंगरात कोरलेले चौऱ्याऐंशी फुटांचे आदिनाथ उभे आहेत आणि सकाळचे ऊन त्यांच्या खांद्यावरून खाली उतरताना दिसते. आणि बाघला. बाघ इथून वीस-एक किलोमीटर. तिथले खत्री लोक कापड छापतात, धावड्याची फुले घालून उकळतात, नदीत धुतात, गोट्यांवर वाळत घालतात. मी त्यांच्याशेजारी उभी राहून बघते आणि मनात म्हणते, यांचे नि माझे काम एकच: आधी माखायचे, मग रंग चढू द्यायचा, मग धुवायचे, मग वाळवायचे. बाघची लेणी त्याच्या पुढे. चौथ्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. भिंतींवरची चित्रे झडू लागली म्हणून १९८२ मध्ये सोडवून ग्वाल्हेरच्या गुजरी महालातल्या संग्रहालयात नेली. आता भिंत आहे आणि अंधार आहे. मी तिथे कॅमेरा दगडावर टेकवून शटर अर्धा मिनिट उघडे ठेवले. फ्लॅश मी आणतच नाही. वर वटवाघळे असतात, त्यांच्या डोळ्यांत उजेड का मारायचा?

मग धुणे. त्याला वेळ मिळतो तो आपल्या चौविहारामुळे, हे गमतीने नाही सांगत. सूर्यास्ताआधी चूल बंद. भांडी झाली, प्रतिक्रमण झाले, की पुढचे दोन-अडीच तास बाईचे. आपल्या घरांतल्या बायांना ही एवढी मोठी संध्याकाळ आयती मिळते आणि ती टीव्हीपुढे जाते.

उन्हाळ्यात मोठी अडचण पाण्याची. डेव्हलपरला वीस अंश हवेत. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात पस्तिशीला जाते. पाणी फार ऊन झाले की जिलेटिन मऊ पडते, थर सुरकुततो, कधी कडेने सुटतो. पहिल्या वर्षी माझा एक रोल असाच गेला, बारा फोटोंवर जाळी पडली. त्यानंतर मी माठाचे पाणी वापरते, ते बावीस-चोवीस अंशांवर मिळते, आणि वेळ कमी करते. वीसला दहा मिनिटे लागत असतील तर चोवीसला सात. सेकंद मोजायला नवकार म्हणावा असे एकदा मनात आले होते. पण मग नवकार म्हणताना हायपो आठवायचा, म्हणून भिंतीवर घड्याळ लावले. धुताना नळ अर्धा तास सोडून ठेवायचा असे जुने लोक सांगतात. ते मला कधीच जमले नसते. आमची आजी म्हणे, पाणी तुपासारखे वापरावे. शोधता शोधता कळले की डबा भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा, आणि फिल्म तितकीच स्वच्छ होते. दीड लिटरमध्ये काम. वापरलेला हायपो मोरीत ओतत नाही, त्यात चांदी असते. लोखंडी तारेची घासणी त्यात टाकून ठेवली की लोखंड विरघळते आणि चांदी गाळ होऊन खाली बसते. तो गाळ मी बरणीत साठवते.

हे एवढे तपशिलाने सांगते, कारण "नाद" म्हटले की लोकांना वाटते बाई बेफिकीर असेल.

आता वादाकडे येते. मैत्रिणींनो, उपाश्रयात, घरच्या देवघराशेजारी, ज्यांच्या जुन्या कृष्णधवल फोटोंना आपण हार घालतो, वासक्षेप टाकतो, ते फोटो कशावर आहेत? त्याच जिलेटिनवर. तुमच्या लग्नाचा अल्बम कशावर आहे? तुमच्या सासऱ्यांच्या छातीच्या एक्स-रेची जुनी काळी फिल्म? तिला तर दोन्ही बाजूंनी जिलेटिन. आपण आयुष्यभर थिएटरात जे सिनेमे पाहिले, धार्मिक असोत की कसलेही, त्यांची रिळे त्याचीच. सर्दीवरची कॅप्सूल बहुतेक वेळा त्याचीच. पारण्याच्या त्या ताटात मिठाईवर चांदीचा वर्ख होता. वर्ख परंपरेने कसा कुटतात माहीत आहे ना? जनावराच्या आतड्याच्या किंवा कातड्याच्या पानांमध्ये ठेवून. हल्ली यंत्रानेही करतात, पण मिठाईवाल्याला कोणत्या पद्धतीचा म्हणून आपल्यापैकी कितीजणी विचारतात? आणि मला प्रश्न विचारणाऱ्या बाईंच्या अंगावर रेशमी साडी होती. रेशीम कोषातल्या किड्यासकट उकळून निघते. पूजेला तीच नेसतो आपण.

इथे मी थांबू शकले असते. टाळ्या मिळाल्या असत्या. पण तुमच्याकडेही आहे म्हणून माझे माफ, ही वकिली झाली, धर्म नव्हे. करणे, करविणे आणि अनुमोदणे, तिन्हींना पाप लागते हे आपण पाठशाळेत शिकलो. मी गाय मारलेली नाही, मारायला सांगितलेली नाही, पण रोल विकत घेते तेव्हा त्या साखळीला माझे पैसे लागतात. याला अनुमोदन नाही तर काय म्हणायचे?

हे मला समाजाने शिकवले नाही, भाचीने शिकवले. भावाची मुलगी, एकोणीस वर्षांची, पुण्याला शिकते. तिने दूध सोडले, रेशीम सोडले, मध तर आपण आधीपासून खात नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी सुट्टीत आली होती. मी कॅमेरा उचलला तर म्हणाली, "आत्या, माझा फोटो काढू नकोस. त्यात काय असतं ते मला माहितीय."

तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. पारण्याच्या पंगतीतल्या प्रश्नाने मला राग आला होता, हिच्या नकाराने रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड वाळत घालताना मीच विषय काढला. म्हटले, मी वर्षाला मोजके रोल वापरते, मर्यादा घातली आहे. ती म्हणाली, "मर्यादा घातली की हिंसेची अहिंसा होते का?"

"नाही होत," मी म्हटले. "कमी होते."

"मग सोडत का नाहीस?"

याला माझ्याकडे जे उत्तर आहे ते इथे लिहिते, तिला तेव्हा पुरते सांगता आले नव्हते. मी साध्वी नाही, श्राविका आहे. आपल्या धर्माने संसारी माणसाला महाव्रते दिली नाहीत, अणुव्रते दिली. ती देताना हे गृहीत धरले की गृहस्थाच्या हातून हिंसा होणार. चूल पेटवली की होणार, शेत नांगरले की होणार, पाणी भरले की होणार. म्हणून सांगितले की मोज. रोज सकाळी आपण चौदा नियम धारतो त्यात काय असते? आज किती द्रव्ये खाईन, किती वस्त्रे, किती वाहने, कोणत्या दिशेला किती जाईन. ही सगळी मोजणीच आहे. जो मोजतो त्याला निदान आपण काय घेतो ते माहीत असते. भोगोपभोग परिमाण व्रत जितके ताटाला लागू तितकेच कॅमेऱ्याला लागू, असे मला वाटते. भाचीने सगळेच सोडले, ती माझ्यापेक्षा पुढे आहे, हे मी मान्य करते. पण ज्यांनी काहीच सोडले नाही आणि काहीच मोजले नाही, त्यांनी मला शिकवू नये.

मग लोक म्हणतात, फोन आहे ना! फोनवर काढा, त्यात जिलेटिन नाही, खर्च नाही, अहिंसक काम. नात्यातल्या एका सूनबाईंच्या फोनमध्ये चौदा हजार फोटो होते. एका नाश्त्याचे अकरा. याला आपल्या भाषेत काय म्हणतात? परिग्रह म्हणतात. आणि फोन कशाचा बनतो? बॅटरीतल्या कोबाल्टसाठी काँगोच्या खाणींत लहान मुलेही माती उपसतात. ते चौदा हजार फोटो कुठेतरी दूरच्या यंत्रात ठेवले जातात, त्या यंत्रांना वीज लागते, थंड ठेवायला पाणी लागते, आणि आपल्याकडे वीज अजून बरीचशी कोळशावरच होते. तिथे पृथ्वीकाय नाही? अप्काय नाही? की जीव डोळ्यांना दिसला नाही म्हणजे तो नाहीच? हे तर आपल्या धर्माच्या अगदी उलटे झाले. न दिसणारे जीव मोजायला आपल्याइतके दुसऱ्या कोणी शिकवलेले नाही. माझ्याकडेही फोन आहे, तो फेका असे मी म्हणत नाही. तो शुद्ध आणि माझा रोल अशुद्ध, एवढे मात्र म्हणू नका.

आता जे कोणी तोंडाने बोलत नाही ते बोलते. जिलेटिनचा शोध गेल्या वर्षी लागला. माझ्या कॅमेऱ्याबद्दलची तक्रार त्याच्या पुष्कळ आधीची आहे. "या वयात?" "काळवंडलात किती!" "बसने एकट्या जाता बाघला?" "रात्री दार बंद करून लाल दिवा लावून काय करतात म्हणे?" मी चार तास पापड लाटले तर कोणी विचारत नाही. चार तास कोठीत उभी राहिले की अख्ख्या गल्लीला काळजी. माझ्या माहितीतल्या एकाही पुरुषाला त्याच्या पाकिटाचे, पट्ट्याचे, बुटांचे कातडे कोणी पंगतीत विचारलेले नाही. तिथे हाडे नाहीत, सरळ कातडेच आहे. बाईने स्वतःसाठी काही केले की आधी लाज दाखवतात, ती पुरली नाही की तब्येत, तीही पुरली नाही की धर्म. धर्म असा शेवटचा दगड म्हणून उचलायची वस्तू आहे का?

आणि बाई नि कॅमेरा ही काय नवी गोष्ट आहे? लाला दीनदयाळ इंदूरला सरकारी नोकरीत असताना फोटो काढू लागले, आणि आपल्या या मध्य भारतातली जुनी स्थळे त्यांनी काचेवर उतरवली. त्याच दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादला पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारी बाईच होती. होमाई व्यारावाला १९१३ साली नवसारीला जन्मल्या, साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून दिल्लीत देशाच्या पहिल्या दिवसांचे फोटो त्यांनी काढले. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. शेवटची वर्षे त्या वडोदऱ्याला एकट्या राहिल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले, पुढच्या जानेवारीत गेल्या. कुक्षीहून अलीराजपूरच्या रस्त्याने निघाले की तेच वडोदरा. मी त्यांना कधी भेटले नाही, याची खंत आहे.

आता एक प्रसंग सांगते, मग तुम्हीच ठरवा. निसरपूर आमच्याच तहसिलीतले. सरदार सरोवराचे पाणी चढणार हे वर्षानुवर्षे ऐकत होतो. २०१७ पासून तीन उन्हाळे मी तिथे जात राहिले. ओटे, दारे, बाजाराची गल्ली, कडुलिंब, नदीकडे उतरणारी वाट. लोक म्हणत, "बाई, रोज बघतो त्याचा काय फोटो काढता?" २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि ते सगळे पाण्याखाली गेले. वर्षभराने नव्या वसाहतीतली एक बाई माझा पत्ता विचारत आली. तिच्या मुलाच्या फोनमध्ये घराचे फोटो होते, फोन बिघडला, गेले. तुमच्याकडे आमचा ओटा आहे का, म्हणाली. मी निगेटिव्ह शोधून काढले, रात्री मोठा फोटो केला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "कडुलिंब डाव्या हाताला होता."

मी घाईत निगेटिव्ह उलटे लावले होते. सगळे गाव आरशात दिसावे तसे झाले होते. मला कळलेच नव्हते, तिला एका नजरेत कळले. त्या रात्री पुन्हा कोठीत गेले, निगेटिव्ह सुलटे केले, दुसरा फोटो काढला. तो घेताना ती रडली नाही की काही बोलली नाही. पदराने फोटोचा कोपरा पुसला, तो ओला नव्हता तरी.

त्या फोटोने हाडे पवित्र झाली असे मी म्हणणार नाही. ज्या जनावराचे ते जिलेटिन होते त्याला निसरपूरशी काय देणेघेणे! पण मी जे घेतले ते कशासाठी खर्च केले, हे मला सांगता येते. आपल्यातल्या कितीजणींना वर्खाबद्दल हे सांगता येईल?

माझा नियम असा. दरवर्षी आखातीजेला मी सहा रोल धारते. वर्षाला सहा, म्हणजे वडिलांच्या कॅमेऱ्याचे बहात्तर फोटो. पेंटॅक्सचा रोल घातला तर तोही त्या सहांतच. सातवा नाही, कोणाचे लग्न असले तरी नाही. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात त्या सहा रोलांची आठवण वेगळी करते. आणि भाचीसाठी, किंवा खरे म्हणजे तिच्यामुळे स्वतःसाठी, गेल्या उन्हाळ्यात एक दुसरी रीत शिकले. हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली, निळ्या फोटोंची, सायनोटाइप म्हणतात. लोहाचे दोन क्षार पाण्यात कालवायचे, सुती कापडाला लावायचे, अंधारात वाळवायचे, वर पान ठेवून उन्हात धरायचे, मग साध्या पाण्यात धुवायचे. झाकलेला भाग पांढरा राहतो, बाकी गडद निळा. जिलेटिन नाही, अंडे नाही, चांदीसुद्धा नाही. कागदाला कधी जिलेटिनची खळ असते म्हणून कापड घेतले. अॅना अॅटकिन्स नावाच्या बाईने १८४३ पासून या रीतीने समुद्रातल्या शेवाळांचे पुस्तक केले, फोटोंचे पहिले पुस्तक तेच मानतात. कुक्षीच्या मे महिन्यात दहा मिनिटांत काम होते. भाची या वर्षी आली तेव्हा तिने गच्चीवर कापडावर आपला हात ठेवला आणि हलवला नाही. तो निळा रुमाल तिने पुण्याला नेला. निसरपूरचा ओटा मात्र या रीतीने मला टिपता आला नसता, हेही मी तिला सांगितले. तिने मान डोलावली, पण ते तिला पटलेले नाही. आमचा वाद चालू आहे, आणि चालू राहावा.

तुम्हाला तीनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, हिंसेचा प्रश्न जरूर विचारा, पण आधी स्वतःच्या कपाटाला विचारा, मग नवऱ्याच्या पाकिटाला, मग शेजारणीला. दुसरी, घरात आजी-पणजीची जुनी निगेटिव्हे असतील तर ती अशुद्ध म्हणून किंवा अडगळ म्हणून फेकू नका. त्यासाठी जो जीव जायचा तो कधीच गेला, फेकून तो परत येत नाही. कोरड्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात दमट राहिली की जिलेटिनवर बुरशी चढते आणि चेहरे खाऊन टाकते. ज्यांना फोटो करून हवे असतील त्यांनी माझ्याकडे आणावीत, कागदाचे पैसे द्यावेत, बाकी काही नको. तिसरी, पोरीला कॅमेरा हवा असेल तर द्या, आणि तिला उन्हात जाऊ द्या. मोजून खर्च कर, एवढे सांगा. माझ्या वडिलांनी मला तेवढेच सांगितले होते.

यंदाचे तीन रोल झाले आहेत, तीन उरले आहेत. पुढच्या आठवड्यात बाघला जाणार आहे. बसनेच, आणि एकटी.